दादाचं म्हणणं

वकील घरी आला तर समजावं, आईला भेटायला आलाय. थेट भट्टीवर आला तर समजावं, काम आहे. हा वहिनीचा आडाखा होता आणि तो आजवर चुकला नव्हता. भट्टीवर यायचं म्हणजे बूट चिखलात घालायचे, आणि फुकटचा चिखल तुडवणाऱ्यातला वकील नव्हता.

त्या सकाळी तो आला तेव्हा आभाळ भलतंच भरून आलं होतं. दिवस पावसाचे नव्हते. ओढ्याकाठच्या सपाटीवर कच्च्या विटा वाळत पडल्या होत्या. अजून थोडं ऊन मिळालं असतं तर त्या भट्टीत रचता आल्या असत्या. दादा आणि वहिनी त्यांच्यावर ताडपत्र्या ओढत होते. दोघांनी दोन टोकं धरून उलटं चालायचं आणि टाच विटेवर पडू द्यायची नाही, असं ते काम. दादाचा उजवा खांदा उन्हाळ्यापासून धरला होता, म्हणून तो डाव्या हातानं ओढायचा आणि ताडपत्री तिरकी जायची. तिरकी गेली की वहिनी ओरडायची. सकाळपासून हेच चाललं होतं.

गाडी वर रस्त्यावर थांबली. वकील पाय जपत उतार उतरून आला.

“दादा, जरा थांब रे. बोलायचंय.”

“आधी ते टोक धर.”

वकिलानं आपल्या पांढऱ्या बाह्यांकडे पाहिलं आणि टोक धरलं. धरलं म्हणजे दोन बोटांच्या चिमटीत धरलं. वारा आला तसं ते सुटलं, ताडपत्रीची कड ओल्या विटांवर आपटली आणि पुढच्या ओळीतल्या विटांचे कोपरे गेले.

“राहू द्या भावजी,” वहिनी म्हणाली. “तुम्ही तुमचं काम सांगा, म्हणजे आम्हाला आमचं करता येईल.”

वकील हसला. “वहिनींच्या कोर्टात तारीख मिळत नाही. उभं राहिलं की निकाल.”

मग तो एका पालथ्या घमेल्यावर रुमाल अंथरून बसला आणि त्यानं सांगितलं. गावाला बाजाराचं नवीन आवार मंजूर झालंय. गुरुवारी शाळेत चौकशी आहे, जमिनीचे साहेब येणार आहेत. ज्यांच्या ज्यांच्या जमिनी नकाशात दाखवल्यात, त्यांना काय म्हणायचंय ते विचारणार आहेत.

“आपली कुठली दाखवलीय?” दादानं विचारलं.

“हीच. ओढ्याकाठची पट्टी.”

दादाच्या हातातली दोरी तशीच राहिली.

“दाखवणं वेगळं आणि घेणं वेगळं,” वकील घाईनं म्हणाला. “तू जिवाला लावून घेऊ नको. साहेब विचारेल तेव्हा उगीच लांबण लावू नको, एवढंच सांगायला आलो. बोलायला गेलं की शब्दात शब्द अडकतो. मी तिथं आहेच. मी बघतो.”

“माती गेली तर विटा कशाच्या पाडायच्या?” वहिनीनं विचारलं.

“मी आहे ना, वहिनी.”

“तुम्ही आहातच. माती राहील का, ते विचारते.”

वकिलानं दादाच्या दुखऱ्या खांद्यावर हात ठेवला, दादानं दात आवळले, आणि वकील उतार चढून गेला. त्याचा ड्रायव्हर पट्टीच्या टोकाला झाडामागे गेला होता. परत येताना तो सरळ न येता कडेकडेनं, एकसारखी पावलं टाकत आला. माणूस आडोशाला जाऊन आला की मोकळा चालतो. हा मोजल्यासारखा चालत होता. वहिनीनं ते पाहून ठेवलं.

खरं तर दादा आणि वहिनी हे एकट्या वकिलाचे दादा आणि वहिनी. पण तो आमदार झाला आणि सभेत व्यासपीठावरून “माझा दादा, माझी वहिनी” म्हणायला लागला, तसं सगळं गावच त्यांना त्या नावांनी हाक मारायला लागलं. वयानं मोठी माणसंसुद्धा मारायची. दोघांची स्वतःची नावं होती, ती आता फक्त सरकारी कागदाला ठाऊक.

वकिलाची गोष्ट गावाला पाठ होती, कारण तो स्वतःच ती दर निवडणुकीत सांगायचा. वीटभट्टीवरचं पोर. बाप मातीच्या दरडीखाली गेलेला. अंगावर एक सदरा. शिकून काळा कोट चढवला आणि गरिबांची बाजू घेऊन उभा राहिला. सांगून झालं की तो दोन्ही तळवे वर करून माणसांना दाखवायचा. “या हातांनी विटा पाडल्यात मी.” टाळ्या पडायच्या. सगळ्यात मोठी टाळी दादाची असायची. शेजारी बसलेली वहिनी त्याच्या हातांकडे बघायची. त्या हातांच्या भेगांत मातीनं घर केलं होतं, साबण लावला तरी निघत नव्हती.

गोष्ट खोटी नव्हती, पण हात खोटे होते. बाप गेला तेव्हा दादानं शाळा सोडली आणि विटांच्या गाऱ्यात उतरला. धाकटा मागोमाग उतरायला लागला तर त्याला कानाला धरून बाहेर काढला. “तुझ्या बोटाला भेग पडली तर अक्षर बिघडेल.” पुढं वहिनी सून म्हणून आली, तीही गारा तुडवायला लागली. शहरातली त्याची खोली, पुस्तकं, काळा कोट, सगळं याच पट्टीतून निघालं. वाटणी कधी झाली नाही. शिक्षण धाकट्याचं, माती थोरल्याची, असं आईनं तोंडी सांगितलं आणि जमीन थोरल्याच्या नावावर लागली. त्यावर कधी वाकडा शब्द निघाला नव्हता.

वकील हुशार होता, हे वहिनीही नाकारत नसे. त्याचा पहिला खटला एका वासराचा. दोघं शेजारी म्हणत होते, वासरू माझं. वकील म्हणाला, कोर्टाच्या आवारात सोडा, आपल्या मालकाकडे जाईल. वासरू सोडलं तर ते न्यायाधीशांच्या फुलझाडांत शिरलं. तरी खटला वकिलानंच जिंकला. मग मोठ्या भट्टीवाल्यानं मजुरांना हाकललं, तेव्हा त्यांची बाजू त्यानं फी न घेता लढवली. मजुरांनी त्याला खांद्यावर घेऊन गावभर नाचवलं आणि त्या खांद्यांवरून तो जो उतरला तो थेट गाडीत बसला. आधी जिल्हा परिषदेत गेला, मग आमदार झाला. आता तर मंत्री होणार म्हणत होते. त्याचं सगळं चांगलं झालं. वहिनीला फक्त इतकंच वाटायचं की बोलताना तो हल्ली आधी आजूबाजूला कोण आहे ते बघतो आणि मग माणूस ओळखतो.

दुपारी पाऊस आलाच. फार नव्हता, पण होता तो वाऱ्यासकट. एक ताडपत्री उडाली आणि तिच्याखालच्या विटा बघता बघता फुगून बसल्या. पाऊस थांबल्यावर दादानं त्या फावड्यानं गोळा केल्या आणि परत गाऱ्यात टाकल्या. सगळी मेहनत मातीतून आली होती ती मातीत गेली. तुडवताना त्याचा डावा हात उजव्या खांद्यावर होता.

वहिनी नवी दोरी आणायला दुकानात गेली. दुकानाच्या ओसरीवर न्हाव्याची खुर्ची असे. पावसामुळे गिऱ्हाईक नव्हतं. न्हाव्यानं वहिनीला पाहून वस्तरा पुसायला घेतला. वस्तरा कोरडाच होता.

“गुरुवारी जाणार ना शाळेत?”

“जाऊ की.”

“परवा तुमच्या दिराची दाढी केली. विश्रामगृहावर बोलावलं होतं. त्यांचा मेहुणाही होता.” न्हावी थांबला. “वहिनी, गळ्याला वस्तरा लावला की माणूस हलत नाही. पण बोलतो.”

“काय बोलले?”

“तुमच्या पट्टीच्या मागचा माळ मेहुण्यानं घेतलाय. माहीत आहे?”

“त्या माळावर गवतसुद्धा धड उगवत नाही.”

“आज नाही उगवत. खाली बाजार झाला तर दुकानं उगवतील. फक्त माळावर जायची वाट तुमच्या मातीतून काढावी लागते.” त्यानं वस्तरा मिटला. “मी काही बोललो नाही हं.”

“मी पण ऐकलं नाही.”

पण येताना तिच्या मनात दुसरीच पाल चुकचुकली. न्हाव्याचा पुतण्या विरोधी पक्षाचे फलक रंगवत होता. दोन भावांत फूट पडली तर कुणाला हवी असेल? म्हणजे न्हाव्यावर विश्वास ठेवायचा नाही. मग ड्रायव्हरची पावलं? ती तर तिनं डोळ्यांनी पाहिली होती. की तीही उगीचच? एकदा संशय घरात शिरला की तो बसायला पाट मागत नाही. वकिलानं आईसाठी आणलेली फळं कोपऱ्यात होती, ती नेहमीपेक्षा जास्त होती. वहिनीला तेही खटकलं.

बुधवारी जेवताना तिनं सगळं सांगितलं. आई भिंतीला टेकून बसली होती. दादानं घास खाली ठेवला.

“न्हाव्याच्या तोंडून तू माझा भाऊ ओळखणार?”

“तुम्ही कुणाच्या तोंडून ओळखता? त्यांच्याच?”

“बास झालं.”

“उद्या साहेब विचारतील तेव्हा काय सांगणार?”

“माझं काही म्हणणं नाही.”

या घरात त्या वाक्याचा अर्थ सगळ्यांना माहीत होता. दादा लहानपणापासून असाच. दुखलं की “माझं काही म्हणणं नाही” म्हणून तोंड फिरवायचा, आणि मग कुणीतरी दुसऱ्यांदा विचारायचं असायचं. दुसऱ्यांदा विचारलं की पोटातलं सगळं बाहेर यायचं. एकदा विचारून सोडून दिलं तर महिनाभर अबोला. लग्न झालं तेव्हा वहिनीला हे ठाऊक नव्हतं. वकिलानंच तिला शिकवलं होतं. “वहिनी, दादा ‘नाही’ म्हणाला की पुन्हा विचारा. तो वाट बघत असतो.”

आईनं विचारलं, “असं कसं रे नाही? सांग, काय म्हणणं आहे?”

दादानं ताट बाजूला सारलं. “त्याला हवी असेल तर त्यानं मला सांगावं. घे म्हणेन. पण त्यानं मला सांगावं. न्हाव्यानं नाही, साहेबानं नाही.”

“घे म्हणाल?” वहिनी म्हणाली. “आणि आपण काय खायचं?”

“ते आपण बघू.”

वहिनीला त्या क्षणी नवऱ्याचा राग आला, दिरापेक्षा जास्त आला. तिनं ताटं उचलली आणि मोरीत जरा जोरातच ठेवली.

गुरुवारी शाळेतल्या पोरांना सुट्टी होती आणि त्यांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. मास्तरांच्या खुर्चीवर साहेब, बाजूला कारकून, आणि साहेबाच्या शेजारी वकील. मागच्या बाकांवर विरोधी पक्षाची माणसं हाताची घडी घालून बसली होती. न्हावी दारात उभा होता. बायका भिंतीकडेला होत्या.

एकेकाला बोलावणं सुरू झालं. सुताराला उभं केलं तर त्यानं आजोबापासून सुरुवात केली. साहेब घड्याळ बघायला लागला. वकील पुढं झाला. “साहेब, यांचं म्हणणं असं की घर सोडून मागची जागा घ्या. बरोबर ना, काका?” सुतारानं सुटलो म्हणून मान हलवली. गवळ्याची म्हातारी उभी राहिली आणि घाबरून “काही नाही, काही नाही” म्हणायला लागली. वकील उठून तिच्याजवळ गेला. “मावशी, भिऊ नका. पाणी प्या. आता सांगा, गोठ्याचं काय?” म्हातारीनं मग गोठ्याचं सांगितलं आणि कारकुनानं ते लिहून घेतलं. वहिनी बघत होती. अजूनही हे काम त्याच्याइतकं चांगलं कुणाला जमत नव्हतं. माणसाच्या तोंडात अडकलेलं तो अलगद काढून द्यायचा. तिला वाटलं, आपणच पापी. उगीच संशय घेतला.

मग दादाचं नाव पुकारलं. खरं नाव, त्यामुळे क्षणभर कुणाला कळलंच नाही. दादा उभा राहिला. त्यानं धुतलेला सदरा घातला होता आणि खांद्यामुळे एक बाही नीट बसली नव्हती.

“ओढ्याकाठची पट्टी तुमची?”

“हो.”

“ती आवारासाठी घ्यायचं ठरतंय. तुमचं काही म्हणणं आहे?”

दादानं साहेबाकडे पाहिलंच नाही. तो भावाकडे बघत होता.

“माझं काही म्हणणं नाही.”

वहिनीनंही वकिलाकडे पाहिलं. आता तो उठेल. सुतारासाठी उठला, गवळ्याच्या म्हातारीसाठी उठला. वकिलानं पेनाचं टोपण काढलं, बघितलं आणि परत लावलं. मान वर केली नाही. कारकून लिहायला वाकला.

“थांबा,” वहिनी म्हणाली.

खोलीतल्या सगळ्या माना वळल्या. साहेबानं विचारलं, “तुम्ही कोण?”

“मी त्यांची बायको. त्यांना पुन्हा विचारा.”

“वहिनी,” वकील हळूच म्हणाला, “इथं एकदाच विचारतात.”

“गवळ्याच्या म्हातारीला दोनदा विचारलं.”

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. साहेब बरा माणूस होता, किंवा त्याला चहाच्या आधी भांडण नको होतं. तो दादाला म्हणाला, “ठीक आहे. पुन्हा विचारतो. काही म्हणणं आहे का?”

“तुम्ही नको, साहेब,” दादा म्हणाला. “त्याला विचारू दे.”

साहेब वकिलाकडे वळला. वकील उठला. कोर्टात उठायचा तसाच उठला, कोट सारखा करत. आज कोट नव्हता, तरी हात तिथं गेले.

“दादा, सांग. तुझं काही म्हणणं आहे का?”

“तुला पाहिजे का ती जमीन?”

वकिलानं आधी मागच्या बाकांकडे पाहिलं, मग दाराकडे.

“दादा, हे घर नाही.”

“माहीत आहे. पाहिजे का, एवढंच विचारतो. पाहिजे असेल तर हो म्हण.”

“मला कशाला पाहिजे?” वकिलाचा आवाज मोठा झाला, सभेतल्यासारखा. “बाजार सरकारचा. गावाच्या भल्याचा. माझा त्यात काडीचा संबंध नाही.”

“काडीचा नाही?”

“नाही.”

दारातल्या न्हाव्यानं मान खाली घातली. दादानं ते पाहिलं. तो साहेबाकडे वळून सावकाश, कारकुनाला लिहिता येईल अशा बेतानं बोलला.

“तर मग लिहून घ्या, साहेब. माझं म्हणणं आहे. ती माती मी देणार नाही. त्याला हवी असती तर आता इथं उभ्या उभ्या दिली असती. त्याला नकोय म्हणतो. दुसऱ्या कुणासाठी मी सोडायचं कारण नाही.”

कारकुनानं लिहिलं. वकील बसला. त्यानंतरच्या माणसाला साहेबालाच समजावून सांगावं लागलं.

वहिनीला वाटलं होतं, आपलं खरं निघालं की बरं वाटेल. तसं काहीच वाटलं नाही. शाळेबाहेर बायका तिच्याभोवती जमल्या, कुणी म्हणालं बरी जिरवली. तिला त्या सगळ्यांचा वीट आला. माती अजून वाचलेली नव्हती. सरकारला म्हणणं ऐकूनही घेता येतं आणि जमीनही घेता येते, एवढं तिला कळत होतं. उद्यापासून मोजणीवाला दिसला तरी हातातलं काम सुटणार होतं.

दोघं चालत निघाले. दादा पुढं, ती मागं. रस्ता ओला होता. मागून गाडी आली आणि त्यांच्या बरोबरीनं हळूहळू चालायला लागली. काच खाली झाली.

“दादा, बस गाडीत.”

दादा चालत राहिला.

“अरे ऐक तरी. मी तुला सांगणारच होतो. एकदा सगळं नक्की झालं की सांगणार होतो. सगळ्यांसमोर तू असं काय विचारलंस? मी दुसरं काय बोलू शकत होतो?”

दादा थांबला. वहिनीला वाटलं, आता शिवी देईल. दिली असती तर तिला हायसं वाटलं असतं, कारण शिवी दिल्यावर हे दोघं नेहमी जेवायला एकत्र बसायचे. पण दादानं तिचा दंड धरला, तिला रस्त्याच्या कडेला घेतलं आणि गाडीला वाट करून दिली.

“तुम्ही व्हा पुढं, साहेब,” तो म्हणाला. “आम्ही येतो चालत.”

वकील हसायला गेला, पण दादा हसत नव्हता. त्याच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. कचेरीतल्या अनोळखी साहेबाशी बोलावं तितक्या आदरानं तो बोलला होता. काठी गिळल्यासारखा ड्रायव्हर समोर बघत बसला. काच वर गेली. पुढच्या फाट्यावर गाडी घराकडे न वळता शहराकडे वळली.

घरी आई उंबऱ्यात बसून वाट बघत होती. फाट्यावरून गेलेल्या गाडीचा आवाज तिनं ओळखला होता.

“आला नाही तो? मला वाटलं, तुमच्याबरोबरच येईल.”

“साहेबांना काम होतं,” दादा म्हणाला आणि पाय धुवायला मागं गेला.

“कोण साहेब?” आईनं वहिनीला विचारलं.